पहिला वॉर्ड कुठला?

“बारावीचा निकाल लागलाय. मुलीला नर्सिंगला घालू की कंपनीत लावू?” मे-जून उजाडला की पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात हा प्रश्न घराघरांत सुरू होतो. विचारणारे वडील बहुधा स्वतः कुठल्या तरी प्लांटमध्ये निम्मं आयुष्य घालवलेले असतात. मुलगी शेजारी गप्प बसलेली असते आणि आई मधूनमधून तिच्याकडे बघत असते. पुढचे प्रश्न ठरलेले. फी किती? पगार किती? रात्रपाळी असते का? लग्नाच्या वेळी अडचण येईल का? सगळे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं पुढे दिलीच आहेत. पण ज्या प्रश्नावर या व्यवसायातलं पुढचं सगळं अवलंबून असतं, तो सहसा कुणी विचारत नाही. शिकून झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती कुठल्या वॉर्डात उभी राहणार?

आधी या भागाबद्दल थोडं बोलू, कारण इथे नोकरीकडे बघायची एक खास नजर आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. ‘पर्मनंट’ या शब्दाभोवती इथल्या दोन पिढ्यांचे संसार उभे राहिले. चाकणची गोष्ट वेगळी. तिथे मोठमोठ्या गाड्यांचे कारखाने आले, त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो कंपन्या आल्या, पण नव्या मुलाला गेटच्या आत जायचा रस्ता बहुतेक वेळा ठेकेदाराच्या ऑफिसातून जातो. सहा-सात महिने काम, मग ब्रेक, मग दुसरी कंपनी. वडील पर्मनंट आणि मुलगा ठेक्यावर, हे चित्र भोसरीत, मोशीत, कुरुळीत घरोघरी दिसतं.

नर्सिंगचा विचार या पार्श्वभूमीवर करायला हवा. कंपनीचं ओळखपत्र नोकरी सुटली की गेटवर परत द्यावं लागतं. महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक मात्र त्या मुलीचा स्वतःचा असतो. हॉस्पिटल बदललं, गाव बदललं, लग्न होऊन नांदेडला किंवा नाशिकला गेली, चार वर्षं बाळासाठी घरी बसली, तरी ती नोंदणी तिचीच. वेळच्या वेळी नूतनीकरण तेवढं करावं लागतं. एवढं मोल असलेला कागद बारावीनंतर तीन-चार वर्षांत हाती पडणारे अभ्यासक्रम फार नाहीत. पण त्या कागदाला बाजारात किंमत येते ती पहिल्या वॉर्डामुळे.

अभ्यासक्रमांचं चटकन सांगतो. एएनएम दोन वर्षांचा आणि जीएनएम तीन वर्षांचा. दोन्हींना बारावी कुठल्याही शाखेची चालते. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के हवेत आणि राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बीएस्सीची पदवी, अभिमत विद्यापीठांची कॉलेजं सोडली तर, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. जीएनएम झालेल्यांना पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, म्हणजे ती वाट बंद होत नाही. घरची परिस्थिती आणि गुण परवानगी देत असतील तर थेट बीएस्सी करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकवायला जायचं असो, परदेशी जायचं असो किंवा एमएस्सी करायचं असो, पुढे सगळीकडे पदवी विचारतात.

आणखी एक वाट आपल्या अगदी जवळ असून पालकांच्या कानावर येत नाही. सैन्यदलाच्या परिचर्या सेवेसाठी देशात सहा ठिकाणी मुलींना बीएस्सी नर्सिंगचं शिक्षण मिळतं. एकूण जागा २२०, त्यातल्या ४० पुण्यात वानवडीच्या एएफएमसीत. निवडीसाठी ‘नीट’चे गुण लागतात, शिक्षणाचा खर्च सरकार करतं, त्या बदल्यात सेवेचा करार असतो आणि बाहेर पडताना मुलगी लेफ्टनंट असते. ‘नीट’ देऊन एमबीबीएस हुकलं म्हणून घरी रडत बसलेल्या मुलींनी ही वाट एकदा तरी पाहावी.

आता ज्याबद्दल जरा कठोर बोलायला हवं ते बोलतो. भोसरी, चाकण, तळेगाव भागात दुकानांच्या वरच्या मजल्यांवर ‘सहा महिन्यांत नर्स’, ‘शंभर टक्के नोकरी’ अशा पाट्या दिसतात. तिथे मिळतं ते बहुतेक वेळा रुग्णसेवा सहायकाचं, म्हणजे जीडीएचं, प्रमाणपत्र असतं. रुग्णाला स्पंज देणं, भरवणं, कूस बदलणं, स्ट्रेचर नेणं, ही कामं कमी प्रतीची अजिबात नाहीत. वॉर्डातल्या मावशी आणि मामा एक दिवस आले नाहीत की हॉस्पिटल कसं लंगडतं ते कुठल्याही सिस्टरला विचारा. पण तो अभ्यासक्रम केलेली मुलगी परिचारिका होत नाही. तिला नोंदणी मिळत नाही. तरीही काही ठिकाणी तिला पांढरा कोट चढवून इंजेक्शनं द्यायला लावतात, आणि काही बिघडलं की सगळ्यात आधी तीच अडकते. म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी बघा. कॉलेजचं नाव परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का? बीएस्सी असेल तर ते आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न किंवा अभिमत विद्यापीठाचं आहे का? आणि एएनएम किंवा जीएनएम असेल तर परीक्षा राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची आहे का? ‘आमची मान्यता दिल्लीची आहे’ असं मोघम उत्तर आलं तर उठून चालू लागा.

कॉलेज बघायला गेल्यावर पालक वर्ग बघतात, हॉस्टेल बघतात, मेसची चव घेतात. मी म्हणेन, हॉस्पिटल बघा. बीएस्सीच्या कॉलेजला किमान १०० खाटांचं स्वतःचं रुग्णालय असावं, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. काही ठिकाणी त्या खाटा असतात, चादरी असतात, पंखेही फिरत असतात, फक्त रुग्ण नसतात. सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास कुणाला न सांगता ओपीडीत जाऊन उभे राहा. केसपेपरच्या खिडकीवर रांग आहे का? महिन्याला बाळंतपणं किती होतात? विद्यार्थिनींच्या केसबुकमधल्या नोंदी याच हॉस्पिटलात होतात की दुसरीकडे पाठवतात? ज्या मुलीने शिकताना गर्दी पाहिली नाही, ती नोकरीच्या पहिल्या आठवड्यात गर्दीला घाबरते. मोठं शिक्षण रुग्णालय जोडलेली कॉलेजं इथे आहेत. उदाहरणार्थ, संत तुकारामनगरचं डी. वाय. पाटील. त्यांची फी आणि गुणांची अट आपल्याला झेपते का, हा पुढचा हिशेब. अभिमत विद्यापीठं सोडली तर खासगी कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्याहून जास्त मागितली तर पावती मागा. २०२४ पासून आठ लाखांच्या आतलं उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ करण्याचा निर्णय राज्याने घेतला आहे. आपला कोर्स, आपलं कॉलेज आणि प्रवेशाची पद्धत त्यात बसते का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

आता काम प्रत्यक्षात कसं असतं ते बघू. मालिकांमधली नर्स डॉक्टरांच्या मागे ट्रे घेऊन उभी असते. खऱ्या वॉर्डात डॉक्टर राउंड घेऊन जातात आणि उरलेले तेवीस तास रुग्ण सिस्टरच्या ताब्यात असतो.

सकाळची पाळी आठची असली तर सिस्टर पावणेआठला पोचलेली असते, कारण तिला ‘ओव्हर’ घ्यायची असते. रात्रपाळीची सिस्टर एकेका खाटेपाशी थांबून सांगत जाते. ऑपरेशनचा कितवा दिवस, कुठलं सलाइन चालू आहे, लघवी किती झाली, ड्रेनमध्ये काय आलं, कशाची अ‍ॅलर्जी आहे, कुठले रिपोर्ट यायचेत, कुणाला उपाशी ठेवायचंय. मग क्रॅश कार्ट तपासायची, कुलूपबंद कपाटातली औषधं मोजून किल्ली ताब्यात घ्यायची. राउंड, ड्रेसिंग, दहाचे डोस, फार्मसीचा इंडेंट, एक्स-रेला रुग्ण पाठवणं, नवी अ‍ॅडमिशन. त्यात ‘सिस्टर, सलाइन संपलं’ दर दहा मिनिटांनी. डिस्चार्ज असेल तर मेडिक्लेमची फाइल अडकलेली असते आणि त्याचा राग नातेवाईक सिस्टरवर काढतात, कारण समोर तीच दिसते. शिवाय केलेलं प्रत्येक काम वेळेसकट लिहायचं. लिहिलं नाही ते केलंच नाही, असं सीनियर सिस्टर पहिल्या दिवसापासून बजावतात. उद्या पोलीस केस झाली तर कोर्टात तिच्या नोंदी वाचल्या जातात. जेवणाचा डबा दोनला उघडला तर नशीब. पाय सुजतात, कंबर धरते, वर्षानुवर्षं उभं राहून अनेकींच्या पायांच्या शिरा फुगतात. घाण, रक्त, उलटी यांची सवय पंधरा दिवसांत होते. वॉर्डात पहिला मृत्यू झाला आणि त्या देहाला स्वच्छ करून नातेवाइकांच्या ताब्यात द्यायची पाळी आली की मात्र मुली हादरतात. त्या दिवशी तिला घरी कुणीतरी गप्प ऐकून घेणारं हवं असतं. “तुलाच हौस होती ना” असं त्या रात्री म्हणू नये, एवढं आईवडिलांनी करावं.

हमाली वाटावी अशा या कामांतून एक नजर तयार होते आणि पगार शेवटी त्या नजरेला मिळतो. एक उदाहरण देतो. ऑपरेशन करून आणलेला रुग्ण अस्वस्थ आहे. रक्तदाब ठीक दिसतो. पण तासाभरापूर्वी ८८ असलेली नाडी ११२ वर गेली आहे, हातपाय गार वाटतात, लघवी कमी झाली आहे. नवखी मुलगी बीपी लिहिते आणि पुढच्या खाटेकडे जाते. तयार सिस्टर तिथेच थांबते. आत कुठेतरी रक्तस्राव होत असेल तर रक्तदाब उशिरा पडतो, नाडी आधी बोलते, हे तिने पाहिलेलं असतं. ती डॉक्टरांना अर्धा तास आधी फोन लावते. हे पुस्तकात आहे आणि परीक्षेत दहा मार्कांना येतंही. पण रात्री तीन वाजता झोपलेल्या डॉक्टरांना उठवायची हिंमत पुस्तकातून येत नाही. गंभीर रुग्ण सतत येणाऱ्या वॉर्डात, शेजारी एखादी खमकी सीनियर असताना, ती अंगी मुरत जाते.

म्हणून पहिला वॉर्ड. या पट्ट्यात साधारण चार प्रकारची दारं उघडतात. पहिलं सरकारी आणि महापालिकेचं. संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘वायसीएम’, शिवाय भोसरी, थेरगाव, आकुर्डी आणि पिंपरीतली महापालिकेची नवी रुग्णालयं. वायसीएममध्ये महामार्गांवरचे अपघात येतात, एमआयडीसीतल्या जखमा येतात, बाळंतपणं येतात, आणि खिशात काहीही नसलेली माणसं येतात. तिथला ताण खरा आहे, एका सिस्टरमागे रुग्ण किती असावेत याचे निकष कागदावर राहतात. पण तिथे दोन वर्षं काढलेली मुलगी पुढे कुठेही अडत नाही. दुसरं दार थेरगावच्या आदित्य बिर्ला मेमोरियलसारख्या मोठ्या खासगी रुग्णालयांचं. तिथे आयसीयू, कॅथलॅब, डायलिसिस यांचं शिस्तीत प्रशिक्षण मिळतं, नोंदी ठेवायची पद्धत पक्की बसते. तिसरं दार शिक्षण रुग्णालयांचं.

चौथं दार चाकण, राजगुरुनगर, भोसरीतल्या वीस-तीस खाटांच्या नर्सिंग होमचं. घराजवळ असतं, ओळखीतलं असतं, “उद्यापासून ये” म्हणतात. पालकांना हेच सगळ्यात सुरक्षित वाटतं आणि नेमकं हेच मला पहिल्या नोकरीसाठी पटत नाही. तिथे गंभीर रुग्ण आला की त्याला पुढे पाठवतात, म्हणजे शिकायचं ते अ‍ॅम्ब्युलन्समधून निघून जातं. सीनियर सिस्टर बहुतेक वेळा नसतेच. ओपीडीत नंबर लावणं, बिलाच्या पावत्या करणं, असली कामं मागे लागतात. तीन वर्षांनी अनुभव तीन वर्षांचा दिसतो, पण मोठ्या हॉस्पिटलच्या मुलाखतीत व्हेंटिलेटरबद्दल दोन प्रश्न विचारले की तोंड बंद होतं. दहा वर्षं मोठ्या वॉर्डात घालवून नंतर मुलं लहान असताना घराजवळच्या नर्सिंग होममध्ये इनचार्ज म्हणून जावं, त्यात शहाणपण आहे. उलटा क्रम महागात पडतो, मग सुरुवातीला हजार-दोन हजार जास्त मिळोत की न मिळोत.

कारखान्यांच्या या भागात परिचारिकेला आणखी एक दार आहे आणि त्याची माहिती इथल्याच लोकांना कमी आहे. पाचशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात उपचारांसाठी वेगळा कक्ष (‘अ‍ॅम्ब्युलन्स रूम’) हवा आणि तिथे वैद्यकीय व परिचर्या कर्मचारी हवेत, असं १९४८ च्या कारखाने अधिनियमात होतं. नव्या कामगार संहितेतही ती तरतूद राहिली आहे. कंपनीत या खोलीला ‘ओएचसी’ म्हणतात. चाकण, म्हाळुंगे, निघोजे, तळेगाव भागात असे कक्ष बरेच आहेत आणि त्यांत ब्रदर आणि सिस्टर पाळ्यांमध्ये काम करतात.

बाहेरून हे काम आरामाचं दिसतं. एसी खोली, डोकेदुखीची गोळी, पट्टी. पण एखाद्या रात्री प्रेसवर कुणाचं बोट जातं. वाहन उद्योगातल्या हाताच्या दुखापतींवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था ‘क्रश्ड’ नावाने अहवाल काढत असते, त्यांत ही बोटं पुन्हा पुन्हा भेटतात. त्या क्षणी आजूबाजूचे पन्नास लोक ओरडत असतात आणि डॉक्टर फोनवर असतात. जखमेवर दाब देऊन हात वर धरायचा, हे बहुतेकांना माहीत असतं. तुटलेलं बोट थेट बर्फात टाकायचं नाही, ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची, हे त्या गर्दीत सिस्टरलाच आठवावं लागतं. बर्फात थेट गेलेलं बोट जोडता येईलच असं नसतं. कामगार बिहारचा, ओडिशाचा किंवा लातूरकडचा, घाबरून आपलं नावही नीट सांगत नाही. अपघाताची वेळ, मशिनचा नंबर, काय काय केलं, हे तिने लिहिलेलं पुढे त्याच्या ईएसआयच्या दाव्यात आणि भरपाईत उपयोगी पडतं. कुणी “वेळ जरा पुढची टाक” म्हणालं, तर नाही म्हणता यायला हवं. ग्राइंडिंगचा कण डोळ्यात गेलेला, वेल्डिंगने डोळे आलेले, उन्हाळ्यात फर्नेसपाशी चक्कर येऊन पडलेला, असे रुग्ण रोजचे. शिवाय कामगारांची वार्षिक तपासणी, ऐकण्याची आणि फुप्फुसांची चाचणी, फोर्कलिफ्टवाल्यांची नजर, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण.

ही नोकरी चांगली आहे, रविवारची सुट्टी देणारी आहे. पण कॉलेजातून थेट तिथे जाऊ नये. आधी दोन वर्षं कॅज्युअल्टी किंवा आयसीयू, मग ओएचसी. कारण कंपनीत पहिली काही मिनिटं तिच्या हातात असतात आणि विचारायला शेजारी कुणी नसतं. जॉइन होताना पगार कंपनीच्या नावाने येणार की ठेकेदाराच्या, तेही बघून घ्या. ठेकेदारी तिथेही पोचली आहे.

आता पालकांच्या भीतीकडे वळू. रात्रपाळीचं नाव काढलं की वडील मागे सरतात. गंमत अशी, की याच वडिलांनी पंधरा-वीस वर्षं थर्ड शिफ्ट केलेली असते. दिवसा झोपायचं कसं, खिडकीला जाड पडदा का लागतो, पाळी बदलली की पोट का बिघडतं, हे या घरांइतकं कुणाला माहीत असणार? मुलीला शिकवायला घरातच अनुभवी माणूस आहे. खरी अडचण पाळीची नसते, रस्त्याची असते. रात्री आठच्या ड्युटीला चाकणच्या तळेगाव चौकातून निघालेली मुलगी वाहतुकीत तासभर अडकू शकते. म्हणून पहिली वर्षं हॉस्पिटलच्या हॉस्टेलवर किंवा जवळ खोली घेऊन राहिलेलं बरं. वायसीएम आणि डी. वाय. पाटीलच्या बाजूला आता संत तुकारामनगरचं मेट्रो स्टेशन आहे, तेवढा भाग सोपा झालाय.

सुरक्षिततेची काळजी खोटी नाही. १९७३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर झालेला हल्ला आणि त्यानंतरची त्यांची ४२ वर्षं महाराष्ट्र विसरलेला नाही. म्हणून मुलाखतीला गेल्यावर विचारायचे प्रश्न आधीच ठरवा. रात्री वॉर्डात एकटी सिस्टर असते की दोघी? कपडे बदलायची खोली कुठे आहे, तिला आतून कडी आहे का? रात्री गेटवर कोण असतं? लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे का? दहा किंवा जास्त कर्मचारी असले तर ती कायद्याने हवीच आणि त्याहून लहान ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. नातेवाइकांच्या मारहाणीविरुद्ध २०१० चा राज्याचा कायदा परिचारिकांनाही लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे. या प्रश्नांवर चिडणारं व्यवस्थापन कसं असेल, ते वेगळं सांगायला नको.

लग्नाचं म्हणाल तर ही कुरबुर शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि तिथल्या स्त्रिया ससूनमध्ये शुश्रूषा शिकायला जाऊ लागल्या, तेव्हाही ‘परक्या पुरुषाच्या अंगाला हात’ यावरून पेठा कुजबुजल्या होत्या. त्याआधी १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता गेल्या, त्यांचे फोटो आज त्याच पेठांत लागतात. कोविडच्या वर्षी टाळ्या वाजवणाऱ्या सोसायट्यांनीच नर्स भाडेकरूला खोली सोडायला सांगितल्याच्या बातम्या आल्या होत्या. समाजाचं हे असंच चालतं. ज्या स्थळाला ड्युटीचा चार्ट चालत नाही ते स्थळ परवडत नाही, एवढंच मी मुलींच्या आयांना सांगतो.

पैशांचं सरळ बोलू. राज्य सरकारच्या सेवेत अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होतं, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं. पुढे परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी शिडी आहे. ‘एम्स’मध्ये नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० आहे. त्यासाठी नॉरसेट परीक्षा द्यावी लागते आणि जीएनएमवाल्यांना ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. पुन्हा पहिला वॉर्ड आलाच. पण सरकारी जाहिराती वेळेवर निघत नाहीत, बऱ्याच जागा मानधनावर आणि कंत्राटी भरतात. २०२२ मध्ये राज्यभरच्या सरकारी परिचारिका बाह्यस्रोत भरतीविरुद्ध संपावर गेल्या होत्या. ‘सरकारी लागेपर्यंत घरी अभ्यास’ हा मार्ग म्हणूनच धोक्याचा. वर्षभर हात चालले नाहीत तर शीर सापडत नाही.

खासगीत सुरुवात कमी असते, अनेक ठिकाणी लाज वाटावी इतकी कमी. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीने म्हटलं होतं, की २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयाने राज्य सरकारइतका पगार द्यावा आणि ५० खाटांखालच्या रुग्णालयानेही २० हजारांच्या खाली जाऊ नये. शिफारशीच त्या, पाळणारे थोडे. तरी तो आकडा लक्षात ठेवून मुलाखतीला बसा. दोन-तीन वर्षांनी आयसीयू, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर किंवा कॅथलॅबचा अनुभव असेल तर पगाराची बोलणी आपल्या बाजूने होऊ लागतात. संसर्ग नियंत्रण आणि गुणवत्ता विभाग या नव्या वाटा आहेत. त्यांत रात्रपाळी नाही, पण वॉर्ड न पाहिलेल्या मुलीला तिथे कुणी ऐकत नाही.

परदेशाची ओढ इथे आता जर्मनीकडे वळली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. चाकणला ज्यांची मोटार बनते त्या मर्सिडीजचं मुख्यालय त्याच राज्यात, श्टुटगार्टला. तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला जर्मन भाषा बी-२ पातळीपर्यंत लागते आणि त्यासाठी ड्युटी सांभाळून मोठा पल्ला चालावा लागतो. आखाती देशांनाही आधी वॉर्डातला अनुभव लागतो. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते पाहा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. लाखांची भाषा सुरू झाली की फोन ठेवा.

मुलग्यांनीही हे सगळं आपल्यालाच लिहिलंय असं समजून वाचावं. ब्रदर म्हणून काम करणारे आयसीयूत, कॅज्युअल्टीत आणि कंपन्यांच्या ओएचसीत हवेच असतात. सरकारी भरतीत पुरुषांच्या जागा मर्यादित असतात, एवढं गणित आधी मांडा. आयटीआय की नर्सिंग अशा पेचात असलेल्या मुलाने दोन दिवस एखाद्या ओएचसीत बसून बघावं.

आणि नोकरी लागलीच तर रुजू होण्याआधीची थोडी कामं. हिपॅटायटिस बीच्या तीन लशी शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घेतलेल्या असाव्यात, कारण सुई कधी ना कधी टोचतेच. टोचली तर लपवू नका, त्याच तासाला नोंद करा. मूळ प्रमाणपत्रं कुठल्याही हॉस्पिटलात ठेवून घेऊ देऊ नका, झेरॉक्स द्या. नेमणूक पत्रावर पदाचं नाव ‘स्टाफ नर्स’ असंच हवं, ‘ट्रेनी’ किंवा ‘असिस्टंट’ नको. पगार बँकेत आणि पीएफचा क्रमांक पहिल्या महिन्यापासून हवा. सोडताना अनुभवाचं पत्र मागून घ्या आणि त्यावर रुग्णालयाच्या खाटांची संख्या, तुमचा विभाग आणि तारखा लिहून घ्या. पुढच्या मुलाखतीत, मग ती दिल्लीची असो की दुबईची, आधी तोच कागद मागतात.